चालू व्हीएममधून सीपीयू काढायचा (हॉट-अनप्लग), त्याची भरवशाची टेस्ट कशी लिहायची?

अनुस्वार | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, इथे व्हर्च्युअलायझेशनवर काम करणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून विचारतेय.

आमचं प्रॉडक्ट क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्रामच्या वर बसतं. व्हीएम बंद न करता तिला सीपीयू वाढवून द्यायचे आणि नको झाले की काढून घ्यायचे असं त्यात फीचर आहे. वाढवायची टेस्ट मुकाट चालते, काढायची टेस्ट डोकं खातेय. सेटअप असा: क्यू-३५ मशीन (क्यूएमूतला पीसीचा एक नमुना), केव्हीएम (लिनक्स कर्नलची व्हीएम चालवायची सोय), लिनक्स गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टिम, बाहेरची ती होस्ट), सुरुवातीला एक सीपीयू आणि मॅक्ससीपीयूज (जास्तीत जास्त किती) चार. क्यूएमपी (क्यूएमूला आज्ञा द्यायचा प्रोटोकॉल) सॉकेटवरून डिव्हाइस_ॲड करून एक सीपीयू घालायचा, गेस्टमध्ये दिसला की डिव्हाइस_डेल द्यायचं, त्यावर क्यूएमपी लगेच रिकामं 'रिटर्न' देतं म्हणजे एरर नाही, आणि मग गेस्टमध्ये एनप्रॉक (सीपीयू मोजणारी कमांड) चालवून आकडा उतरला का बघायचं. लॅपटॉपवर कायम हिरवी. सीआयच्या, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या, मशीनवर (ते मशीन स्वतःच एक व्हीएम आहे, म्हणजे सगळं नेस्टेड) कधी हिरवी कधी लाल, आणि कधी लाल होईल ते सांगता येत नाही.

टीममध्ये दोन मतं आहेत. एक म्हणजे मध्ये दहा सेकंदांचा स्लीप टाका आणि पुढे चला. दुसरं, टेस्टच काढून टाका, सीपीयू वाढवून मागणारे ढीगभर असतात पण परत करायला कोण येतं. मला दोन्ही पटत नाहीयेत. स्लीप टाकला तर मशीन अजून हळू झालं की परत तेच, आणि टेस्ट काढली तर फीचर आहे पण चालतं का कुणाला माहीत नाही अशी गत. तर प्रश्न असा की क्यूएमू 'रिटर्न' देतं तेव्हा नक्की काय झालेलं असतं, आणि तुम्ही लोक ही टेस्ट कशी लिहिता?

---

सोनचाफा | सोमवार, रात्री १०:३१

विषय डोक्यावरून जातोय पण चर्चा वाचायला बसलेय. वाचनखूण साठवली.

---

बिटबाजीराव | सोमवार, रात्री ११:०५

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे अनुस्वार ताई. डिव्हाइस_डेल ही सीपीयूच्या बाबतीत आज्ञा नाहीच, विनंती आहे. रिकामं रिटर्न आलं म्हणजे विनंती पोचती झाली, बस. भाडेकरूला नोटीस दिली म्हणजे खोली रिकामी झाली असं धरून चालत नाही ना, तसंच.

आता आत काय होतं ते सांगतो, म्हणजे टेस्टमध्ये कुठे उभं राहून बघायचं ते कळेल. क्यूएमू त्या सीपीयूसमोर 'काढायचाय' अशी खूण करतं आणि गेस्टला एसीपीआयचा (हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला बोलण्याचा ठराव) इंटरप्ट मारतं, एससीआय म्हणतात तो. सीपीयू हॉटप्लगसाठी जीपीई (एसीपीआयची घटना कळवायची खूण) नंबर २ राखून ठेवलेला आहे. गेस्टचा कर्नल त्या जीपीईची एसीपीआय मेथड चालवतो, ती मेथड क्यूएमूच्या हॉटप्लग रजिस्टरमध्ये एकेक सीपीयू तपासत जाते, खूण असलेला सापडला की कर्नलला नोटिफाय ३ म्हणजे 'इजेक्ट रिक्वेस्ट' देते. मग कर्नल तो सीपीयू आधी ऑफलाइन करतो, त्यावरचे प्रोसेस, टायमर, इंटरप्ट सगळं दुसरीकडे हलवतो, आणि ते जमलं तरच ईजे-झिरो मेथड बोलावतो. ती मेथड रजिस्टरमधला इजेक्टचा बिट लिहिते. हा बिट लिहिला गेला की मग कुठे क्यूएमू खरोखर सीपीयू काढतं आणि क्यूएमपीवर डिव्हाइस_डिलीटेड हा इव्हेंट सोडतं.

म्हणजे मधला सगळा खेळ गेस्टच्या हातात. गेस्ट अजून बूट होतोय, अडकलाय, किंवा त्याला सीपीयू सोडायचाच नाहीये, तर इव्हेंट येणारच नाही आणि क्यूएमूची त्यात काही चूक नाही. तेव्हा स्लीप काढा, त्या आयडीचा डिव्हाइस_डिलीटेड येईपर्यंत थांबा, टाइमआउट भरपूर मोठा ठेवा. मोठा टाइमआउट फक्त लाल टेस्टला महाग पडतो, हिरवीला नाही.

---

कोकणकडा | सोमवार, रात्री ११:४०

बाजीरावांशी नव्वद टक्के सहमत. राहिलेले दहा टक्के म्हणजे इव्हेंट आला म्हणून टेस्ट पास असं मी तरी धरत नाही. इव्हेंट ही क्यूएमूची बाजू झाली. गेस्टला वेगळं विचारा आणि होस्टला वेगळं विचारा.

गेस्टमध्ये एनप्रॉक नका वापरू, तो फक्त आपल्या प्रोसेसला किती सीपीयू मिळतात तेवढंच सांगतो. कुणी टास्कसेट (प्रोसेसला ठरावीक सीपीयूला बांधणारी कमांड) लावून शेल चालवला असेल तर आकडा वेगळाच येतो. सीपीयू नुसता ऑफलाइन केला तरी एनप्रॉक उतरतो, आणि ऑफलाइन करणं म्हणजे काढणं नव्हे. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) जाऊन बघा. /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/ खाली सीपीयू१ ही डिरेक्टरी असते. ऑफलाइन केला तर डिरेक्टरी तशीच राहते, तिच्या आतल्या 'ऑनलाइन' फाइलमध्ये १ च्या जागी ० येतो. अनप्लग झाला तर डिरेक्टरीच जाते, सीडी करायला गेलं की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. हा फरक टेस्टने पकडला पाहिजे, नाहीतर अर्ध्यावर अडकलेलं अनप्लग सुद्धा हिरवं दिसतं.

होस्टवर बघायचं तर क्यूएमू सुरू करताना -नेम मध्ये डीबग-थ्रेड्स ऑन करा, मग /प्रॉक/पीआयडी/टास्क खालच्या थ्रेडांना 'सीपीयू ०/केव्हीएम', 'सीपीयू १/केव्हीएम' अशी नावं दिसतात. अनप्लग झाल्यावर 'सीपीयू १/केव्हीएम' नाहीसा झाला पाहिजे. शिवाय क्वेरी-हॉटप्लगेबल-सीपीयूज परत विचारा. तो स्लॉट यादीत असतोच, पण त्याच्यापुढचा क्यूओएम-पाथ (क्यूएमूच्या आतला त्या सीपीयूचा पत्ता) गेलेला हवा. पाथ असेल तर स्लॉट भरलेला, नसेल तर रिकामा.

---

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७:१५

सकाळी सकाळी चहा घेता घेता हे वाचून राहिलो. आमच्या हाफिसात नोटीस दिलेली माणसं सुद्धा इतक्या रीतसर निघून जात नाही बाप्पा, आधी काम दुसऱ्याकडे सोपवा, मग सही, मग गेटपास!

---

रानवारा | मंगळवार, सकाळी ९:२०

थोडं विरोधात बोलतो. मी बरीच वर्षं ऑपरेशन्समध्ये आहे, बँकांच्या आणि विम्याच्या व्हीएम सांभाळल्यात. चालू मशीनमधून सीपीयू काढा अशी मागणी माझ्याकडे कधीच आली नाही. वाढवायची येते, ती सुद्धा महिनाअखेरीला. कमी करायचे असतील तर रविवारी रात्री मेंटेनन्स विंडो घेतात, व्हीएम बंद करतात, आकडा बदलतात, चालू करतात. विंडोज गेस्ट असेल तर प्रश्नच मिटला, विंडोज सर्व्हरला चालू असताना सीपीयू वाढवता येतो, काढता येत नाही. मग जे कुणी वापरत नाही त्याच्या टेस्टवर सीआयची मिनिटं का जाळायची? तुमच्या टीममधलं दुसरं मत मला बरोबर वाटतं.

---

मुक्ताफळे | मंगळवार, सकाळी १०:०२

@रानवारा, तुम्ही म्हणता ते बँकेच्या व्हीएमबद्दल खरं आहे. पण सगळ्या व्हीएम तशा पाळीव राहिल्या नाहीत आता. काटा कंटेनर्स बघा, तिथे प्रत्येक पॉड (कंटेनरांचा गट) म्हणजे एक छोटी व्हीएम, आत नवा कंटेनर आला की त्याच्या मर्यादेप्रमाणे व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) हॉटप्लग करतात आणि कंटेनर गेला की काढून घेतात. तिथे माणूस कमांड देत नाही, सॉफ्टवेअर दिवसभर हेच करत असतं. अशा ठिकाणी अनप्लग पाचशेतून एकदा अडकलं तरी कुणाच्या तरी होस्टवर सीपीयू अडकून पडतात.

आणि दुसरं, तुमच्या प्रॉडक्टच्या स्क्रीनवर 'सीपीयू कमी करा' हे बटण असेल तर ते कुणीतरी दाबणारच. बटण काढून टाका म्हणत असाल तर ठीक, पण बटण ठेवायचं आणि टेस्ट काढायची हे चूक आहे. मला ते ग्राहकाशी खोटं बोलल्यासारखं वाटतं, स्पष्ट बोलल्याबद्दल राग नसावा.

---

रानवारा | मंगळवार, सकाळी १०:१८

राग कसला. काटाचं उदाहरण मान्य. बटण आणि टेस्ट एकत्र ठेवा किंवा एकत्र काढा हे वाक्य आमच्या मॅनेजरला पाठवतो.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सकाळी ११:३०

नवखा प्रश्न: एकच सीपीयू असलेल्या व्हीएममधून तो एकमेव सीपीयू काढा म्हटलं तर?

---

बिटबाजीराव | मंगळवार, सकाळी ११:४४

@प्रश्नचिन्ह, नवखा नाही, ही टेस्ट असलीच पाहिजे. एक्स८६ वर बूट सीपीयू म्हणजे सीपीयू० काढायला क्यूएमू स्वतःच नकार देतं, गेस्टला विचारायला जातच नाही, क्यूएमपीवर तिथल्या तिथे एरर येतो. गेस्टच्या बाजूने सुद्धा सीपीयू० हलवता येत नाही. पूर्वी लिनक्समध्ये सीपीयू० ऑफलाइन करायची एक वेगळी सोय होती, ती ६.५ कर्नलमध्ये काढून टाकली.

तेव्हा टेस्टमध्ये दोन प्रकारचे नकार वेगळे धरा. एक नकार क्यूएमूचा, तो लगेच एरर म्हणून येतो. दुसरा नकार गेस्टचा, तो नंतर येतो, आणि नुसत्या डिव्हाइस_डेलच्या उत्तरात कधीच दिसत नाही.

---

कोकणकडा | मंगळवार, दुपारी १२:१०

गेस्टचा नकार मुद्दाम कसा घडवून आणायचा हे कुणी विचारायच्या आधी सांगतो, कारण मला हा भाग सगळ्यात आवडतो आणि लोक नेमका हाच सोडतात.

पुष्कळांना वाटतं की एखादा प्रोसेस त्या सीपीयूला टास्कसेटने बांधून ठेवला की अनप्लग अडेल. नाही अडत. कर्नल ती बांधणी सरळ तोडतो आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) लिहितो की अमुक प्रोसेस आता या सीपीयूला बांधलेला नाही. ही सुद्धा एक टेस्टच आहे: अनप्लगनंतर तो प्रोसेस जिवंत आहे ना आणि काम करतोय ना ते बघा.

खरा नकार हवा असेल तर शेड_डेडलाइन (कर्नलची एक शेड्युलिंग पद्धत) वापरा. डेडलाइन टास्कला कर्नलने ठरावीक वेळेत ठरावीक सीपीयू देण्याचं वचन दिलेलं असतं. सीपीयू काढल्यावर उरलेल्यांत ते वचन पुरं होत नसेल तर ऑफलाइन करायलाच कर्नल 'बिझी' म्हणून नकार देतो. दोन सीपीयूंच्या गेस्टमध्ये एकावर मावणार नाहीत इतक्या डेडलाइन टास्क सुरू करा आणि मग डिव्हाइस_डेल द्या. डिव्हाइस_डिलीटेड येणार नाही. त्याऐवजी एसीपीआय_डिव्हाइस_ओएसटी इव्हेंट येतो, त्यात गेस्टने दिलेला स्टेटस असतो. आता बघायचं ते तुमच्या प्रॉडक्टने काय केलं: स्क्रीनवर 'सीपीयू काढला' दाखवलं का, बिलात आकडा उतरवला का. नंतर डेडलाइन टास्क मारून परत डिव्हाइस_डेल द्या, या खेपेला निघाला पाहिजे.

दुसरी युक्ती म्हणजे कर्नलमध्ये सीपीयू हॉटप्लगच्या पायऱ्यांची एक यादी असते, /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/हॉटप्लग/स्टेट्स या फाइलमध्ये. आणि प्रत्येक सीपीयूच्या हॉटप्लग डिरेक्टरीत 'फेल' नावाची फाइल असते (कर्नल कसा बांधलाय त्यावर आहे ते). त्या फाइलमध्ये पायरीचा नंबर लिहिला की पुढच्या वेळी कर्नल त्या पायरीवर मुद्दाम अपयशी होतो आणि केलेलं सगळं उलटं फिरवतो. अर्ध्या वाटेवरून परत आलेला सीपीयू धड चालतो का हे तपासायला याच्यासारखं साधन नाही.

---

सोनचाफा | मंगळवार, दुपारी १२:४०

आता मला पण कळायला लागलंय थोडं थोडं. कोकणकडा, तुम्ही शिकवणी घ्या.

---

दख्खनची_राणी | मंगळवार, दुपारी २:०५

आम्ही थेट क्यूएमूशी बोलत नाही, लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या लायब्ररीमार्फत जातो, त्यामुळे तिकडच्या दोन गोष्टी, कुणाला उपयोग झाला तर.

पहिली: व्हर्श (लिबव्हर्टची कमांड) सेटव्हीसीपीयूज करून आकडा कमी करायला गेलं की कित्येकदा 'सपोर्ट नाही' छापाचा एरर येतो आणि लोक समजतात अनप्लग चालतच नाही. होतं असं की बूटच्या वेळी -एसएमपी (सुरुवातीला किती सीपीयू ते सांगणारा क्यूएमूचा पर्याय) मधून आलेल्या सीपीयूंना आयडी नसतो, आणि लिबव्हर्ट त्यांना हॉटप्लगेबल='नो' असं धरतं. काढता यायला हवे असतील तर एक्सएमएलमध्ये व्हीसीपीयूजच्या यादीत त्यांना हॉटप्लगेबल='येस' करावं लागतं किंवा सेटव्हीसीपीयूजला तसा फ्लॅग द्यावा लागतो. मग लिबव्हर्ट ते सीपीयू -एसएमपी मध्ये न देता नंतर डिव्हाइस_ॲडने घालतं, व्यवस्थित आयडी देऊन.

दुसरी: अनप्लगनंतर लिबव्हर्ट एक्स८६ वर साधारण पाच सेकंद इव्हेंटची वाट बघतं. तेवढ्यात नाही आला तर सांगतं की विनंतीची मुदत संपली, निकाल डोमेनमध्ये (लिबव्हर्टच्या भाषेत व्हीएम) जाऊन स्वतः तपासा. हे अपयश नाही! सीपीयू सहाव्या सेकंदाला निघालेला असू शकतो, आणि आपला कोड मात्र 'फेल' लिहून मोकळा. आमच्याकडे यावरून डॅशबोर्ड आणि वास्तव यांचा काही मेळ राहिला नव्हता. आता मुदत संपल्याचा एरर आला तर आम्ही 'अनिश्चित' अशी तिसरी अवस्था ठेवतो आणि डोमेनची माहिती परत वाचतो.

आणि हो, --गेस्ट देऊन केलेलं सेटव्हीसीपीयूज वेगळं, ते गेस्ट एजंटमार्फत फक्त ऑफलाइन करतं. त्याला अनप्लगच्या टेस्टमध्ये मोजू नका.

---

बिटबाजीराव | मंगळवार, दुपारी २:२०

आयडी नसलेल्याबद्दल एक भर: डिव्हाइस_डेलला आयडीऐवजी क्यूओएम-पाथ दिला तरी चालतो. पण टेस्टमध्ये आयडी देऊनच घाला, लॉग वाचणाऱ्याचे आशीर्वाद मिळतात.

---

म्युनिचचा_मराठी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

उशिरा येतोय, इकडे आत्ता दुपार आहे. तुम्ही सगळे एक्स८६ धरून बोलताय. टेस्ट दुसऱ्या आर्किटेक्चरवर न्यायची असेल तर तिथले नियम वेगळे आहेत.

आयबीएमच्या पॉवर आर्किटेक्चरच्या पी-सिरीज मशीनवर अख्खा कोअर जातो किंवा येतो, एकेक थ्रेड नाही. तिथे एसीपीआय नाही, आरटास (पॉवरच्या फर्मवेअरची सोय) इव्हेंट जातो, आणि गेस्टने नकार दिला तर डिव्हाइस_अनप्लग_गेस्ट_एरर हा इव्हेंट येतो, तो क्यूएमू ६.२ पासून आहे. एस३९० (आयबीएमचं मेनफ्रेम) वर सीपीयू घालता येतो पण काढता येत नाही, क्यूएमू स्वच्छ शब्दांत नाही म्हणतं. आणि एआरएम-६४ वर गेस्ट कर्नलची बाजू लिनक्स ६.११ मध्ये आली, क्यूएमूच्या बाजूचे पॅच मात्र वर्षानुवर्षं मेलिंग लिस्टवर फिरतायत. तेव्हा टेस्टमध्ये आर्किटेक्चर बघून 'स्किप' करा, आणि स्किपचं कारण लॉगमध्ये लिहा. कारण न लिहिलेला स्किप दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही का टाकला होता ते.

जुन्या स्क्रिप्ट कुणाकडे असतील तर: सीपीयू-ॲड नावाची कमांड क्यूएमू १.५ मध्ये आली होती, ५.२ मध्ये काढली. ती फक्त घालायची, काढायला काही जोडीदार नव्हताच. काढणं नीट सुरू झालं ते २०१६ मध्ये, २.७ मध्ये डिव्हाइस_ॲड आणि डिव्हाइस_डेल सीपीयूला लागू झालं तेव्हा.

---

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

म्युनिचवाले भाऊ, तिकडे भाकर-ठेचा भेटते का नाही? हे आधी सांगा, आरटास नंतर.

---

म्युनिचचा_मराठी | मंगळवार, संध्याकाळी ७:११

ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, ठेचा घरी करतो. मिरची तेवढी तिखट नाही मिळत, बाकी उत्तम.

---

मुक्ताफळे | मंगळवार, रात्री ८:३०

ठेच्यावरून परत मूळ मुद्द्यावर. एक टेस्ट अजून कुणी सांगितली नाही ती म्हणजे घाला-काढा-घाला-काढा असं सतत. एकदा काढून दाखवणं सोपं आहे, गळती दिसते ती फेऱ्यांमध्ये.

इथे एक गोष्ट माहीत नसेल तर टेस्ट खोटा अलार्म देते. केव्हीएममध्ये व्हीएम जिवंत असेपर्यंत एकदा तयार केलेला व्हीसीपीयू नष्ट करता येत नाही. म्हणून क्यूएमू काढलेल्या सीपीयूचा फाइल डिस्क्रिप्टर बंद न करता 'पार्क' करून ठेवतं आणि त्याच नंबरचा सीपीयू परत आला की तोच वापरतं. त्यामुळे /प्रॉक/पीआयडी/एफडी मध्ये बघितलं तर अनप्लगनंतरही 'केव्हीएम-व्हीसीपीयू:१' तिथेच दिसतो. थ्रेड गेलेला, डिस्क्रिप्टर हजर. ही गळती नाही. टेस्टने पहिली पूर्ण फेरी झाल्यावरचा आकडा मोजून ठेवायचा आणि पुढच्या फेऱ्यांत तो वाढत नाही ना एवढंच बघायचं. दर फेरीला एकेक वाढत असेल तर मात्र बग आहे.

फेऱ्या चालू असताना गेस्ट रिकामा ठेवू नका, स्ट्रेस-एनजी किंवा कर्नल कंपाइल काहीतरी चालू द्या. रिकाम्या गेस्टमधून सीपीयू काढणं म्हणजे परीक्षा पेपर बघून देणं.

---

कोकणकडा | मंगळवार, रात्री ८:५५

पार्किंगचा मुद्दा लाखमोलाचा. +१

गेस्टमधल्या ॲप्लिकेशनांचं पण बघा. एनजिनेक्सला वर्कर 'ऑटो' दिलेले असतील तर तो सुरू होतानाच सीपीयू मोजतो, नंतर काढले तरी वर्कर तेवढेच. जावाचा अव्हेलेबल-प्रोसेसर्स चालू असताना बदलू शकतो, पण थ्रेड पूल सुरुवातीच्याच आकड्यावर बांधलेला असतो बहुतेक वेळा. आणि सीग्रुप (प्रोसेसच्या गटांना मर्यादा घालायची लिनक्सची सोय) व्हर्जन १ चा सीपीयूसेट असेल तर काढलेला सीपीयू परत घातला तरी सेटमध्ये परत येत नाही, व्हर्जन २ मध्ये येतो. हे क्यूएमूचे बग नाहीत पण ग्राहक तिकीट तुमच्याच नावाने टाकणार.

---

दख्खनची_राणी | मंगळवार, रात्री ९:१५

सिक्युअर बूट असलेल्या गेस्टवर टेस्ट करता का कुणी? ओव्हीएमएफ (व्हीएमचं यूईएफआय फर्मवेअर) एसएमएमसकट (फर्मवेअरसाठी राखीव असलेला सीपीयूचा मोड) असेल तर सीपीयू काढताना फर्मवेअरला पण सामील व्हावं लागतं. त्याची वाटाघाट बूटच्या वेळी होते, मशीन टाइप ६.० किंवा पुढचा लागतो आणि फर्मवेअर पण तितकं नवं. जुनं असेल तर डिव्हाइस_डेल तिथेच एरर देतं की फर्मवेअरने एसएमआयसह हॉट-अनप्लग चालू केलेलं नाही. आमच्याकडे मशीन टाइप जुना ठेवून फक्त क्यूएमू अपग्रेड केलेल्या व्हीएम होत्या, त्यांत हे दिसलं. तुमच्या टेस्ट मॅट्रिक्समध्ये साधं सी-बायोस आणि एसएमएमवालं ओव्हीएमएफ दोन्ही ठेवा.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, रात्री ९:४०

हे सगळं करायला प्रत्येक वेळी अख्खा गेस्ट बूट करायचा म्हणजे सीआय रडेल. गेस्टशिवाय नाही होत का टेस्ट?

---

बिटबाजीराव | मंगळवार, रात्री १०:०८

काही भाग होतो. क्यूएमूच्या स्वतःच्या सोर्समध्ये क्यूटेस्ट नावाची सोय आहे, तीत गेस्टचा कोड चालतच नाही, टेस्ट बाहेरून रजिस्टरं आणि क्यूएमपी हाताळते. तिथल्या सीपीयू-प्लग-टेस्टमध्ये हॉटप्लगेबल यादीतले रिकामे स्लॉट डिव्हाइस_ॲडने भरून बघतात. आणि डिव्हाइस-प्लग-टेस्टमध्ये एक सुंदर युक्ती आहे: गेस्ट चालत नसल्यामुळे काढायची विनंती तशीच पडून राहते, मग सिस्टिम रीसेट करायचं, रीसेटच्या वेळी अडकलेली विनंती पुरी होते आणि डिव्हाइस_डिलीटेड येतो. पीसीआय डिव्हाइस आणि पी-सिरीजच्या सीपीयू कोअरसाठी हे असंच तपासलंय.

पण यात गेस्टचा सहभाग शून्य, आणि अनप्लग बिघडतं ते नेमकं गेस्ट आणि क्यूएमूच्या मधल्या संवादात. म्हणून खरा कर्नल असलेली टेस्ट लागतेच. क्यूएमूवाल्यांकडे पण एक फंक्शनल टेस्ट आहे जी फेडोरा इमेज बूट करते, डिव्हाइस_ॲडने सीपीयू घालते आणि कन्सोलवर 'सीपीयू१ हॉट-ॲड झाला' या अर्थाची ओळ यायची वाट बघते.

वेळ वाचवायचा तर अख्खं डिस्ट्रो नको. कर्नल थेट -कर्नल ने द्या, बिझीबॉक्सचं (एका प्रोग्राममध्ये छोट्या लिनक्स कमांडी) छोटं इनिटरामएफएस (मेमरीतली सुरुवातीची फाइल सिस्टिम) द्या, कर्नलमध्ये एसीपीआय हॉटप्लग सीपीयूचा पर्याय चालू हवा. नेस्टेड नको असेल तर टीसीजीवर (केव्हीएमशिवाय क्यूएमूचं सॉफ्टवेअरमधलं अनुकरण) पण चालतं, हळू पण नीट. फक्त एक लक्षात ठेवा, बिझीबॉक्समध्ये यूडेव्हचा (नवं डिव्हाइस आलं की नियम चालवणारी लिनक्सची सेवा) तो नियम नसतो जो नवा सीपीयू आपोआप ऑनलाइन करतो. तेव्हा घातल्यावर 'ऑनलाइन' फाइलमध्ये १ स्वतः लिहा, नाहीतर तुम्ही कधी चालूच न झालेला सीपीयू काढून खूश व्हाल.

---

अनुस्वार | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री आणि आज दिवसभर हेच केलं.

लाल होण्याचं कारण सापडलं. क्यूएमपीचा लॉग आणि गेस्टचा सिरियल कन्सोल वेळेसकट शेजारी ठेवून वाचला. सीआयवर सीपीयू घातल्यावर कन्सोलवर 'हॉट-ॲड झाला' ची ओळ येते, त्यावर टेस्ट पुढे सरकून डिव्हाइस_डेल देते, पण यूडेव्हने त्याला ऑनलाइन करण्याचं काम अजून चालूच असतं. 'बूटिंग नोड ०, प्रोसेसर १' ही ओळ डिव्हाइस_डेलच्या नंतर येते! मग काही सेकंदांनी 'सीपीयू १ आता ऑफलाइन' आणि त्यामागे डिव्हाइस_डिलीटेड. म्हणजे क्यूएमू आणि कर्नल दोघंही बरोबर वागतायत, फक्त नेस्टेड मशीनवर सगळं संथ चालतं आणि एनप्रॉक मध्येच कुठेतरी विचारलं जातं.

आता टेस्ट अशी झालीय की घातल्यावर 'ऑनलाइन' फाइलमध्ये १ दिसेपर्यंत थांबते, काढल्यावर त्या आयडीच्या इव्हेंटसाठी दोन मिनिटांपर्यंत थांबते, मग सिसएफएस डिरेक्टरी, होस्टचा थ्रेड आणि क्यूओएम-पाथ तिन्ही बघते. सीपीयू० चा नकार वेगळी टेस्ट. डेडलाइनवाली उद्या लिहिणार, त्यात आमच्या स्क्रीनवर काय दिसतं याची मला धाकधूक आहे कारण कोड वाचून तरी वाटतंय की तिथे 'काढला' असंच दिसेल. तसं निघालं तर टेस्ट ठेवावी की नाही हा वाद आपोआप मिटेल.

एक शेवटचा प्रश्न: अनप्लग केलेली व्हीएम लाइव्ह मायग्रेट केली (चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर हलवली) तर? हे पण टेस्टमध्ये घ्यावं का?

---

रानवारा | बुधवार, रात्री ९:५२

मायग्रेशन मात्र आम्ही रोज करतो, त्यामुळे हो, हजार वेळा हो.

---

मुक्ताफळे | बुधवार, रात्री १०:२०

घ्याच. मायग्रेशनच्या वेळी पलीकडचं क्यूएमू सुरू करताना इकडे त्या क्षणी जे सीपीयू आहेत तेच आणि त्याच सॉकेट-कोअर-थ्रेड नंबरांवर असावे लागतात. म्हणून शेवटचा सीपीयू काढून मायग्रेट करणारी टेस्ट पुरत नाही, मधला काढा. एक सीपीयू -एसएमपी मधला, त्यानंतर सॉकेट १, २, ३ डिव्हाइस_ॲडने घाला, सॉकेट २ काढा आणि मग मायग्रेट करा. पलीकडे -एसएमपी १ च ठेवून सॉकेट १ आणि ३ कमांड लाइनवर -डिव्हाइस म्हणून द्यायचे. तुमचं प्रॉडक्ट जर नुसता 'तीन सीपीयू' असा आकडा पाठवत असेल तर पलीकडे ०, १, २ उभे राहतील आणि मायग्रेशन फसेल.

पोचल्यावर पलीकडे सॉकेट २ वर परत सीपीयू घालून बघा, आणि सॉकेट ३ काढून बघा. आयडी दोन्हीकडे सारखे दिले असतील तरच तुमचा कोड तो शोधू शकेल. लिबव्हर्टवाल्यांना हे फुकट मिळतं, थेट क्यूएमू चालवणाऱ्यांनी ही यादी स्वतः सांभाळायची.

---

अनुस्वार | बुधवार, रात्री १०:२६

आम्ही आकडाच पाठवतो. तिकीट आत्ताच टाकते.